वेस शेतात, गाव टेकडीवर : विंचेल्सीच्या आखणीची आणि तटबंदीची पार्श्वभूमी

विंचेल्सीची दक्षिणेकडची वेस आज शेतात उभी आहे. न्यू गेट हे तिचे नाव. कमान टिकून आहे, दोन्ही अंगांना भिंतीचे तुटके अवशेष आहेत आणि बाहेरच्या बाजूला जुन्या खंदकाची खोलगट रेघ दिसते. आजूबाजूला मेंढ्या चरत असतात. वेशीतून आत शिरले की गाव लागायला हवे, पण लागतात ती कुरणे. जवळजवळ किलोमीटरभर चालून गेल्यावर टेकडीच्या उत्तर टोकाला पहिली घरे दिसतात.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ससेक्स परगण्यात, राय या दुसऱ्या टेकडीवरच्या गावापासून तीनेक किलोमीटरवर हे गाव आहे. आजची वस्ती सुमारे ६०० माणसांची. एवढ्याशा गावाची वेस इतकी दूर का, रस्ते इतके सरळ आणि रुंद का, चर्चभोवती मैदानाएवढे आवार का, हे प्रश्न इथे येणाऱ्या प्रत्येकाला पडतात. त्यांचे उत्तर तेराव्या शतकात आहे. ही टेकडी एका राजाने समुद्राने गिळलेल्या बंदराच्या पुनर्वसनासाठी निवडली होती. आखणी फार मोठी झाली आणि तटबंदीला तिच्या मापाचे कधीच होता आले नाही. इथला प्रत्येक दगड मला याच गोष्टीचा पुरावा वाटतो.

गोट्यांच्या दांड्यावरचे बंदर

आधीचे विंचेल्सी टेकडीवर नव्हते. समुद्राच्या लाटांनी लोटून आणलेल्या गोट्यांचा एक लांब दांडा होता आणि त्याच्या आडोशाला कॅम्बर नावाची शांत खाडी होती. त्या दांड्यावर जुने गाव वसलेले होते. मासेमारी आणि फ्रान्सशी व्यापार यांवर ते श्रीमंत झाले. त्यांच्या जोडीला चाचेगिरीही होती आणि किनाऱ्यावरच्या लोकांना तिचे फारसे वावडे नव्हते.

या श्रीमंतीला राजकीय वजनही होते. हेस्टिंग्ज, न्यू रोमनी, हाइद, डोव्हर आणि सँडविच या पाच बंदरांच्या संघाला सिंक पोर्ट्स म्हणत. राजाचे स्वतःचे कायमचे आरमार तेव्हा नव्हते. या संघाने दरवर्षी १५ दिवस स्वतःच्या खर्चाने ५७ जहाजे राजाच्या सेवेला द्यायची आणि बदल्यात करमाफी, स्वतःची न्यायालये आणि बंदरांवरचे हक्क घ्यायचे, असा करार होता. राय आणि विंचेल्सी या दोन गावांना मागाहून या पाचांच्या बरोबरीचा मान मिळाला. इथल्या नागरिकांना बॅरन म्हणत, आणि राज्याभिषेकाच्या वेळी राजाच्या डोक्यावरचे छत धरण्याचा मान सिंक पोर्ट्सच्या बॅरनांकडे असे.

कागदोपत्री मात्र ही दोन्ही गावे बराच काळ नॉर्मंडीतल्या फेकाँ इथल्या मठाच्या मालकीची होती. १२०४ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या हातून नॉर्मंडी गेली. त्यानंतर समोरच्या किनाऱ्याकडे तोंड करून असलेली दोन बंदरे फ्रेंच मठाच्या ताब्यात ठेवणे धोक्याचे होते. १२४७ मध्ये तिसऱ्या हेन्रीने बदल्यात दुसऱ्या जमिनी देऊन ती परत घेतली.

बंदरे राजाकडे आली, पण समुद्राने त्यांतले एक सोडले नाही. १२५० च्या वादळात विंचेल्सीत तीनशेहून अधिक घरे आणि काही चर्च बुडाली, असे त्या काळच्या इतिवृत्तात लिहिले आहे. दोनच वर्षांनी पुन्हा पाणी आले. पुढची पस्तीस वर्षे गाव दांड्यावर कसेबसे टिकून राहिले. १२८७ च्या वादळात सगळेच संपले. त्याच वादळाने रॉदर नदीचे मुखही हलवले. आधी न्यू रोमनीपाशी समुद्राला मिळणारी नदी रायकडे वळली आणि न्यू रोमनीचे बंदर कोरडे पडले. जुन्या विंचेल्सीची जागा आज समुद्राखाली आहे.

टेकडीची निवड

राजा शेवटच्या वादळाची वाट पाहत बसला नाही, ही या कथेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. बंदर वाचणार नाही हे पहिल्या एडवर्डने आधीच ओळखले होते. युवराज असताना त्याने याच गावावर तलवार चालवली होती, कारण वडील तिसऱ्या हेन्रीविरुद्ध सायमन द माँटफर्ट या सरदाराने केलेल्या बंडात विंचेल्सीच्या लोकांनी बंडखोरांची बाजू घेतली होती. पण राजा झाल्यावर त्याला त्यांची जहाजे हवी होती आणि त्यांच्या जहाजांतून येणारा वाइनचा व्यापारही हवा होता.

१२८० मध्ये त्याने आपल्या कारभाऱ्याला जवळच्या आयहम टेकडीवरच्या जमिनी विकत किंवा बदल्यात घ्यायला सांगितले. १२८१ मध्ये तीन माणसे नेमली: सिंक पोर्ट्सचा वॉर्डन, म्हणजे राजाने नेमलेला प्रमुख अधिकारी, स्टीफन ऑफ पेंचेस्टर; लंडनचा महापौर हेन्री ल वॉलिस आणि आंगूलेमचा इतिये. ल वॉलिस हा मोठा वाइन व्यापारी होता आणि १२७५ मध्ये त्याने बोर्दोचे महापौरपदही सांभाळले होते. वाइन ज्या बंदरातून निघते आणि ज्या बंदरात उतरते, त्या दोन्ही टोकांची त्याला माहिती होती. १२८३ मध्ये पुन्हा आदेश निघाला. त्यात इतियेच्या जागी लंडनचाच ग्रेगरी द रोक्स्ली आला.

या आदेशात कामांचा क्रम स्पष्ट दिला आहे. नव्या गावाला लागणारे रस्ते आणि गल्ल्या आखायच्या. बाजारासाठी जागा ठरवायची. संत थॉमस आणि संत जाइल्स यांच्या दोन चर्चसाठी जागा द्यायच्या. मग लोकांना गरजेप्रमाणे घरांसाठी भूखंड वाटायचे. चर्चची ही नावे जुन्या गावातलीच होती. दोन्ही पॅरिश, म्हणजे चर्चचे विभाग, नावासकट टेकडीवर आणले गेले, म्हणजे माणसे कोणत्या चर्चची हे बदलायला नको. विस्थापितांना आपले देव बरोबर नेऊ दिले की नवे गाव लवकर आपले होते, हे त्या अधिकाऱ्यांना समजले होते असे दिसते.

तरी लोक लगेच आले नाहीत. दांड्यावरची घरे, गोद्या आणि वखारी सोडून टेकडी चढायला कोण उत्सुक असणार? शेवटी १२८७ च्या समुद्राने त्यांना हलवले. १२८८ मध्ये राजाच्या खजिनदाराने टेकडी रीतसर गावकऱ्यांच्या हवाली केली. पहिली सात वर्षे भाडे माफ होते.

एकोणचाळीस चौकोन

१२९२ मध्ये तयार झालेली भाडेपट्टी आजही उपलब्ध आहे, आणि मध्ययुगीन नगररचनेचा असा दस्तऐवज इंग्लंडमध्ये दुर्मीळ आहे. टेकडीचा माथा ३९ चौकोनांत विभागला होता. त्यांना क्वार्टर म्हणत आणि प्रत्येकाला क्रमांक होता. रस्त्यांनाही पहिला रस्ता, दुसरा रस्ता असे क्रमांक दिलेले होते. प्रत्येक चौकोनात कोणाला किती जागा मिळाली आणि भाडे किती, हे नावानिशी नोंदले आहे. टेकडीवरचे आणि खालच्या बंदरकाठचे मिळून सुमारे ८०० भूखंड आहेत. सगळी आखणी जवळजवळ १५० एकरांची होती. त्या काळातल्या इंग्लंडमध्ये नव्याने वसवलेल्या गावासाठी हा आकार भव्यच म्हणायला हवा.

नकाशावर ही जाळी पाहिली की पहिली छाप काटेकोरपणाची पडते. नीट पाहिले तर रेषा पूर्ण काटकोनात नाहीत. काही चौकोन लांबट आहेत, काही इतरांच्या दुप्पट-तिप्पट मोठे आहेत, आणि कड्याच्या बाजूचे टेकडीच्या वळणाप्रमाणे तिरके कापलेले आहेत. जमीन जशी होती तशी स्वीकारून दोरी लावणाऱ्या माणसाचे हे काम आहे. टेकडीचा माथा बराचसा सपाट असल्याने त्याला ते शक्यही झाले.

संत थॉमसच्या चर्चला एक अख्खा चौकोन मिळाला. संत जाइल्सचे चर्च पश्चिम अंगाला होते. आग्नेयेकडे ग्रे फ्रायर्स या फ्रान्सिस्कन साधूंचा मठ होता आणि दक्षिणेकडे सोमवारचा बाजार भरे. गरीब आणि वृद्धांसाठी इस्पितळेही होती. हे सारे आज ज्याला आपण गावाबाहेर म्हणू अशा भागांतही पसरलेले होते, आणि तेव्हा तो भाग गावाच्या आतच होता.

फ्रान्सच्या नैऋत्येला गॅस्कनी प्रांतात त्या काळी बास्तीद नावाची अशीच आखीव गावे मोठ्या संख्येने वसत होती. गॅस्कनी इंग्लंडच्या राजाकडे होती आणि त्यांपैकी अनेक गावे खुद्द एडवर्डच्या आज्ञेने उभी राहिली होती. त्यामुळे विंचेल्सीला इंग्लंडमधली बास्तीद म्हणण्याची रीत आहे. मला हा शब्द अर्धाच पटतो. समान रुंदीचे रस्ते, क्रमांकांचे चौकोन आणि भूखंडांची नोंद हे सगळे तिकडच्यासारखे आहे, शिवाय आखणाऱ्यांपैकी एकाने बोर्दो पाहिले होते. पण बास्तीदच्या मध्यभागी बहुधा कमानदार ओसऱ्यांनी वेढलेला बाजारचौक असतो. इथे मध्यभागी चर्च आहे आणि बाजार दूर दक्षिणेला होता. बास्तीदमध्ये नवे रहिवासी बाहेरून बोलावून वसवत. इथे एक जुने, भांडखोर, आपल्या हक्कांबद्दल जागरूक गाव आपल्या सगळ्या संस्थांसकट टेकडीवर उचलून आणले होते. नव्या गावात मोक्याच्या जागा कोणाला मिळणार, हे बरेचसे जुन्या गावात कोण मोठे होते यावर ठरले.

त्या मोठ्यांत अलार्ड घराणे पहिले. जहाजांचे मालक, वाइनचे व्यापारी आणि राजाचे आरमारी सेनानी अशी या घराण्यातल्या माणसांची ओळख होती. जर्व्हेस अलार्ड सिंक पोर्ट्सच्या ताफ्याचा अ‍ॅडमिरल होता. ही पदवी मिळालेल्या इंग्लंडमधल्या अगदी पहिल्या माणसांत त्याची गणना होते. त्याची कबर संत थॉमसच्या चर्चमध्ये आहे.

जमिनीखालचे गाव

जमिनीवरच्या विंचेल्सीने पुष्कळ गमावले, जमिनीखालच्या विंचेल्सीने मात्र बरेच सांभाळून ठेवले आहे. गावात दगडी कमानींची तळघरे आहेत. तीसहून अधिक तळघरांत आजही उतरता येते, आणि आणखी कितीतरींच्या जागा माहीत आहेत. वरची घरे अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकातली, पांढऱ्या रंगाची, साधी, आणि त्यांच्या खाली १३०० च्या आसपासची छते. काही तळघरांचे छत अर्धगोल पिंपासारखे साधे आहे, तर काहींत कमानींच्या फासळ्या एकमेकींना छेदत वर जातात आणि टेकांवर कोरीवकाम आहे.

यांतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे पायऱ्या. बहुतेक तळघरांत उतरायला रस्त्यावरून थेट रुंद दगडी पायऱ्या आहेत. घरातल्या चीजवस्तू ठेवायला केलेल्या तळघराचे दार घरातून असते. रस्त्याकडे तोंड करणारे आणि पिंप उतरवता येईल एवढे रुंद दार व्यापारासाठीच असते. बोर्दोहून आलेल्या वाइनची पिंपे खालच्या गोदीवर उतरत, गाड्यांवरून वळणाच्या रस्त्याने वर येत आणि या थंड पोटांत विसावत. सुंदर कोरीव छताच्या तळघरांत गिऱ्हाइकाला बोलावून वाइन चाखवत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे आणि तो पटण्यासारखा आहे. नुसत्या साठवणीसाठी कोणी टेकांवर चेहरे कोरत बसत नाही.

तळघरांचा आणखी एक उपयोग होतो. वरचे घर कोसळले, लाकूड जळाले, दगड कोणी वाहून नेले, तरी तळघर जागेवर राहते. त्यामुळे १२९२ च्या भाडेपट्टीतले भूखंड प्रत्यक्षात कुठे होते, हे जुळवायला ही तळघरे खुंटीसारखी उपयोगी पडली आहेत.

पाण्यावर भिस्त

विंचेल्सीची तटबंदी समजून घ्यायची तर आज दिसणारी हिरवी सपाटी आधी डोळ्यांआड करावी लागते. उत्तरेला ब्रीड नदीचे रुंद पात्र होते, पूर्वेला कॅम्बरची खाडी आणि पश्चिमेलाही ओली दलदल. भरतीला टेकडीच्या पायाशी पाणी यायचे. तीन बाजूंना उतार आणि पाणी, फक्त दक्षिण-नैऋत्येला टेकडी पलीकडच्या उंच भूभागाशी जोडलेली. आपल्याकडच्या किल्ल्यांची सवय असलेल्या माणसाला जागा पाहताच कळते की शत्रू कुठून येणार. त्या मानेवरच आडवा खंदक खणला आणि त्याच्या मागे न्यू गेट ही वेस बांधली.

बाकीच्या बाजूंना सुरुवातीला दगडी तट नव्हता. याचा पुरावा एका अपघाताच्या कथेत सापडतो. १२९७ च्या उन्हाळ्यात फ्लँडर्सच्या मोहिमेवर निघण्याआधी एडवर्ड जहाजे पाहायला विंचेल्सीला आला. टेकडीच्या कडेने घोड्यावरून जाताना पवनचक्कीच्या पात्यांना घोडा बुजला. राजाने चाबूक आणि टाच मारताच त्याने थेट मातीच्या बांधावरून खाली उडी घेतली. खालच्या रस्त्यावर पावसाने चिखल झाला होता. घोडा घसरत गेला, पण पडला नाही, आणि राजा त्याला वळवून वेशीतून पुन्हा वर आला. लोकांनी राजा गेलाच असे धरले होते. ही हकीकत मागाहूनच्या इतिवृत्तकारांनी लिहून ठेवली आहे. तिच्यात ओघाने आलेली वर्णने इतिहासाच्या दृष्टीने सोन्याची आहेत: टेकडी बंदराच्या बाजूला अतिशय उभी आहे, वर जाणारा रस्ता सरळ न जाता वळणे घेत चढतो, आणि कडेला दगडी भिंतीऐवजी मातीचा बांध आहे. गाव वसून दहा वर्षेही झाली नव्हती. घरे उठत होती, तट अजून मातीचा होता.

भिंतीसाठी पैसा उभा करायची मध्ययुगीन इंग्लंडमधली पद्धत म्हणजे मालावरची जकात. गावात येणाऱ्या मालावर ठरावीक वर्षे जादा जकात घ्यायला राजा परवानगी देई आणि ती रक्कम तटावरच खर्च करायची असे. विंचेल्सीलाही अशी परवानगी मिळाली. मेख यातच होती. भिंतीसाठी पैसा व्यापारातून यायचा आणि व्यापार मंदावला की भिंतीचे कामही थांबायचे. १५० एकरांच्या टेकडीला पुरा दगडी वेढा घालायला जितका व्यापार हवा होता, तितका इतकी वर्षे सलग कधी चालला नाही.

पैसा प्रथम वेशींवर खर्च झाला. ईशान्येची स्ट्रँड गेट ही सर्वांत देखणी वेस आहे. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, मधून कमानदार वाट, आणि खाली उतरणारा चढाचा रस्ता. ती १३०० च्या सुमाराची आहे आणि आजही तिच्याखालून गाड्या जातात. बंदराकडे तोंड असलेली ही वेस गावाची ऐट होती. खालून जहाजावरून येणाऱ्याला आधी तीच दिसायची. वायव्येची पाइपवेल गेट ब्रीड नदीच्या नावेकडे उतरायची. शत्रूच्या हल्ल्यात ती मोडली, आणि १४०० च्या आसपास जॉन हेल्ड या महापौराच्या काळात पुन्हा बांधली गेली. त्याचे नाव तिच्या दगडावर आहे. न्यू गेट या दोघींच्या मानाने अगदी साधी आहे. जिथून धोका सर्वांत जास्त, तिथली वेस सर्वांत साधी.

हल्ले

१३६० च्या मार्चमधला रविवार. तिसरा एडवर्ड सैन्य घेऊन फ्रान्समध्ये होता. फ्रान्सचा राजा जॉन पॉइतिएच्या लढाईनंतर इंग्लंडमध्ये कैदेत होता आणि त्याला सोडवण्याचा मनसुबा घेऊन फ्रेंच ताफा किनाऱ्यावर आला. १५ मार्चला ते विंचेल्सीत शिरले तेव्हा लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमले होते. चर्चमध्येच कत्तल झाली, गावाला आग लावली गेली. शत्रू न्यू गेटमधून आत आला अशी गावातली परंपरा आहे, आणि संत जाइल्सच्या बाजूच्या एका बोळाला डेडमन्स लेन, म्हणजे मेलेल्यांचा बोळ, म्हणतात. ही नावे शतकानुशतके तोंडातोंडी टिकतात तेव्हा त्यांच्यामागचा घाव खोल असतो.

त्याआधी १३४८-४९ च्या प्लेगने गाव पोखरलेच होते. माणसे कमी, व्यापार कमी आणि पहाऱ्याला उभे राहायला लांबच लांब कड. १३७७ मध्ये फ्रेंचांनी राय जाळले. विंचेल्सी त्या वेळी बचावले, कारण बॅटल इथल्या मठाचा अधिपती हॅमो आपली माणसे घेऊन मदतीला आला आणि त्याने चिलखत घालून टेकडी लढवली. पुढच्या वर्षी राय आणि विंचेल्सीच्या खलाशांनी नॉर्मंडीवर चाल करून रायच्या चर्चच्या लुटलेल्या घंटा परत आणल्या, असे सांगतात. पण १३८० मध्ये फ्रेंच आणि स्पेनमधल्या कॅस्टिल राज्याच्या ताफ्याने विंचेल्सी पुन्हा जाळले.

यानंतर १४१५ च्या सुमारास गावाने एक शहाणा आणि दुःखद निर्णय घेतला. पूर्ण टेकडीभोवती तट बांधण्याचा नाद सोडून उत्तरेच्या वस्तीपुरता लहान वेढा घालायचे ठरले आणि पाचव्या हेन्रीने त्याला परवानगी दिली. या रेषेने दक्षिणेचे चौकोन, सोमवारच्या बाजाराचा भाग आणि न्यू गेट सगळे बाहेर टाकले. गावाने आपल्याच नकाशाचा मोठा हिस्सा सोडून दिला. हा लहान वेढाही पुरा झाला नाही. त्याचे काही तुकडे तेवढे उभे राहिले.

समुद्र निघून गेला

शत्रूने दोनदा जाळलेले गाव व्यापाराच्या जोरावर पुन्हा उठले असते. रायही जळले होते आणि ते उठले. विंचेल्सीला मारले ते गाळाने.

खाडीचे गणित साधे आहे. भरतीला जितके पाणी आत शिरते, तितकेच ओहोटीला जोराने बाहेर पडते, आणि तो जोरच पात्रातला गाळ समुद्रात लोटतो. कॅम्बरच्या काठच्या खारट दलदली शेतीसाठी बांध घालून आटवल्या जाऊ लागल्या. कोकण-गोव्यात खाजण राखतात तशाच या जमिनी, फार सुपीक. पण दर नव्या बांधागणिक खाडीत शिरणारे पाणी कमी झाले, ओहोटीचा जोर गेला, आणि वरून वाहून आलेली माती व बाहेरून आलेले गोटे बसत गेले. जहाजे टेकडीपर्यंत येईनाशी झाली. १४५३ मध्ये गॅस्कनीच इंग्लंडच्या हातून गेली आणि वाइनचा जुना मार्गही बदलला. सोळाव्या शतकात बंदर म्हणून विंचेल्सीचे काम संपले होते.

याच बदलाची दुसरी खूण टेकडीवरून दिसते. राय आणि विंचेल्सी यांच्यामधल्या सपाटीवर कॅम्बर कॅसल नावाचा तोफांचा गोल किल्ला आहे. १५१२ ते १५१४ मध्ये त्याचा बुरूज बांधला, आठव्या हेन्रीने १५३९ ते १५४३ मध्ये तो वाढवला. खाडीच्या तोंडावर पहारा ठेवण्यासाठी तो पाण्याच्या काठी होता. समुद्र मागे सरकत गेला, तोफांना पाणी दिसेनासे झाले आणि १६३७ मध्ये किल्ला सोडून दिला. आज तो किनाऱ्यापासून मैलाहून अधिक आत, मेंढ्यांच्या कुरणात आहे, न्यू गेटसारखाच.

१५७३ मध्ये पहिली एलिझाबेथ इथे आली तेव्हा गावाच्या डौलाला पाहून तिने त्याला छोटे लंडन म्हटले, अशी कथा आहे. तोवर राहत्या घरांची संख्या रोडावली होती. १६५२ मध्ये जॉन एव्हलिन या इंग्रज लेखकाने भेट दिली तेव्हा त्याला पडझड झालेल्या रस्त्यांच्या मधोमध मोजकी झोपडीवजा घरे दिसली, आणि एवढ्या गावाला महापौर आहे याचे आश्चर्य त्याने रोजनिशीत नोंदवले. संसदेत मात्र विंचेल्सीचे दोन सदस्य १८३२ पर्यंत बसत होते. मतदार मूठभर होते, जागा धनिकांच्या खिशात होत्या. त्या वर्षीच्या सुधारणा कायद्याने त्या रद्द झाल्या.

नेपोलियनच्या स्वारीची भीती होती तेव्हा हीच टेकडी पुन्हा संरक्षणाच्या नकाशावर आली. १८०४ पासून खणलेला रॉयल मिलिटरी कालवा हिच्या पायथ्याशी येऊन ब्रीडच्या पात्राला मिळतो. पण तटबंदी म्हणून टेकडीला नंतर काही काम उरले नाही.

आज जे दिसते

संत थॉमसचे चर्च आज दिसते ते मूळ चर्चचा पूर्वेकडचा भाग. वेदीचा गाभा आणि त्याच्या बाजूची दालने उभी आहेत, आडव्या बाहूंच्या भिंती भग्न आहेत. पश्चिमेचा मोठा मंडप कधी पुरा बांधला गेला होता की नाही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. जे आहे ते पाहूनही कल्पना येते की हे गाव किती मोठे होऊ पाहत होते.

याच चर्चच्या आवारात मराठी वाचकाला थांबवणारी एक कबर आहे. ब्रिटनमध्ये विनोदाला नवी दिशा देणारा नट आणि लेखक स्पाइक मिलिगन १९१८ मध्ये अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, जन्मला. वडील ब्रिटिश फौजेत होते आणि त्याच्या लहानपणाचा बराच काळ पुण्यात गेला. २००२ मध्ये तो वारला आणि इथे त्याचे दफन झाले. मी आजारी आहे हे तुम्हाला सांगितले होते, हे त्याचे वाक्य कबरीवर आयरिश भाषेत कोरले आहे. निजामशाहीच्या किल्ल्याच्या गावात सुरू झालेले आयुष्य सिंक पोर्ट्सच्या या टेकडीवर येऊन थांबले.

गावाची जुनी सभा आजही दर ईस्टर सोमवारी महापौर निवडते. १८८३ च्या कायद्याने इतर अशा लहान नगरपालिका बरखास्त झाल्या, पण विंचेल्सीची ही सभा प्राचीन वारशाची राखणदार म्हणून टिकवली गेली. तिच्याकडे कारभाराचे अधिकार नाहीत, पण जुन्या कोर्ट हॉलची देखभाल तीच करते आणि तिथे गावाचे संग्रहालय आहे. तळघरे दाखवणाऱ्या फेऱ्याही निघतात. त्यांत खाली उतरलात तर पायऱ्यांची रुंदी आवर्जून पाहा.

न्यू गेटकडे चालत जाताना दक्षिणेच्या कुरणांत गवताखाली उंचसखल पट्टे दिसतात. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरके असताना ते अधिक उठून दिसतात: सरळ खोलगट पट्टे म्हणजे जुने रस्ते, त्यांच्या दोन्ही बाजूंचे किंचित उंच चौकोन म्हणजे घरांच्या जागा. पश्चिमेच्या कड्यावर संत लेनर्डच्या जुन्या चर्चच्या जागी एक लाकडी पवनचक्की होती. १९८७ च्या ऑक्टोबरमधल्या मोठ्या वादळात ती कोसळली. जुने विंचेल्सी बुडाल्याला त्या वर्षी बरोबर सातशे वर्षे झाली होती.